मराठवाड्यात रेडिओवर जाहिरात करायची असेल तर

मोंढ्यातल्या, म्हणजे शेतमालाच्या बाजारपेठेतल्या, दुकानदाराला रेडिओवर जाहिरात द्यायची असते तेव्हा तो बहुतेक वेळा एक कागद घेऊन येतो. त्यावर दुकानाचं नाव, पूर्ण पत्ता, दोन मोबाइल नंबर, दुकानात मिळणाऱ्या सगळ्या मालाची यादी आणि शेवटी 'एकदा अवश्य भेट द्या' असं लिहिलेलं असतं. हा मजकूर हँडबिलावर चालतो, कारण हँडबिल हातात राहतं, खिशात घालता येतं. रेडिओवरचं वाक्य कानावरून एकदा गेलं की ते मागे फिरवून ऐकता येत नाही. शिवाय ऐकणारा त्या वेळी दुसरंच काहीतरी करत असतो.

हा लेख पहिल्यांदाच रेडिओवर जाहिरात करू पाहणाऱ्यांसाठी आहे: दुकानदार, क्लास किंवा वसतिगृह चालवणारे, बचत गट, आणि जाहिरात एजन्सीत नव्याने लागलेली मुलंमुली. क्रम जसा दिलाय तसाच धरा. लिहायला बसण्याची घाई करू नका, लिहिणं बऱ्याच नंतर येतं.

आधी ऐकणारा ठरवा

'आमचं गिऱ्हाईक सगळेच' हे उत्तर स्वीकारू नका. कोऱ्या कागदावर एकाच माणसाचं वर्णन लिहा. वय काय, गाव कोणतं, पोटापाण्याचा उद्योग काय, घरात पैशाचा निर्णय कोण घेतं, रेडिओ कशावर ऐकला जातो (ट्रॅक्टरवर, मोबाइलवर, चारचाकीत की किराणा दुकानाच्या गल्ल्यावर), आणि त्या वेळी त्याचे हात कशात गुंतलेले असतात. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. भाकरी थापणारी बाई फोन नंबर लिहून घेऊ शकत नाही. टमटम चालवणारा माणूस तुमची वेबसाइट उघडणार नाही. ते हात रिकामे नसताना त्यांच्या मनात काय उरेल, एवढंच तुमच्या हातात आहे.

मराठवाड्यात हा ऐकणारा महिन्यागणिक बदलतो, म्हणून काही उदाहरणं सविस्तर बघू.

लग्नाचा बस्ता घ्या. बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं जीप करून शहरात येतात. शालू नवरी निवडते, पण जीप कोणत्या दुकानासमोर थांबणार हे घरून निघण्याआधीच ठरलेलं असतं. ते ठरवते एखादी आत्या, मामी, थोरली जाऊ, नाहीतर पैसे मोजणारे नवरीचे वडील. तरीही कापड दुकानांच्या जाहिराती नवरीच्या स्वप्नांवरच लिहिल्या जातात. वडिलांची काळजी वेगळी असते: आहेराच्या साड्या किती लागतील, भाव कुठे जाईल, गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा असेल का. 'आहेराच्या पंचवीस साड्या एकाच भावात, आणि मोठ्या माणसांना बसायला सावलीत जागा' हे वाक्य नवरीच्या सौंदर्यावरच्या कवितेपेक्षा जास्त जीपा दारात आणेल, असं माझं ठाम मत आहे.

लातूरचं उदाहरण याच्याही पुढचं आहे. लातुरात नीट आणि जेईईच्या तयारीसाठी बाहेरून मुलं येतात. त्यांच्यासाठी वसतिगृह किंवा खानावळ चालवणारा लातुरात जाहिरात करतो. पण जागा निवडणारे आईवडील त्या वेळी नांदेड, परभणी, हिंगोली, बीड जिल्ह्यांतल्या आपापल्या गावी असतात. म्हणजे जाहिरात तिकडच्या केंद्रांवर हवी, दहावीच्या परीक्षेपासून निकालापर्यंतच्या काळात हवी, आणि ती आईशी बोलणारी हवी. आईला वाय-फायचा वेग ऐकायचा नसतो. जेवण कसं आहे, रात्री दार किती वाजता बंद होतं, पोरगं आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं, हे तिला ऐकायचं असतं.

बीड जिल्ह्यात दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. टोळीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. ही माणसं तुमची गिऱ्हाइकं असतील तर जानेवारीत त्यांच्या तालुक्यात जाहिरात लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलंच असतात. ताडपत्री, पायताण, भांडी, औषधांची पेटी हे निघायच्या आधी लागतं. घराची डागडुजी, पोरींची लग्नं हे परतल्यावर. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो: मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल हातात पडते त्याच आठवड्यात हप्त्यावरच्या महागड्या वस्तूंच्या जाहिरातींचा मारा करणं मला अजिबात पटत नाही. ती उचल म्हणजे पुढच्या पाच-सहा महिन्यांच्या घामाचं कर्ज आहे. तिथं विकायचंच असेल तर त्यांना खरोखर लागणारं विका.

संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांसाठी दिवस घड्याळाने चालतो, शिफ्टने चालतो. त्यांच्याशी बोलायची वेळ शिफ्टला जातानाची किंवा सुटल्यानंतरची. आणि परभणी-हिंगोलीच्या शेतकऱ्यासाठी मिरगाच्या आधीचे तीन आठवडे, सोयाबीनचे पैसे हातात येणारा दिवाळीच्या आसपासचा काळ, कापसाची वेचणी, वसमतच्या बाजारात हळद येते तो काळ असा हिशेब असतो. तुमच्या मालाचा हंगाम आणि गिऱ्हाइकाच्या हातात पैसा असण्याचा हंगाम वेगळे असू शकतात. हे दोन्ही कॅलेंडरवर मांडा. पोळा, तुळजापूरचं नवरात्र, माळेगावची यात्रा, लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या यांच्याही खुणा करा. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडचा शेतकरी आंबील आणि भज्जी घेऊन सहकुटुंब रानात असतो. त्या दिवशी 'आजच दुकानात या' म्हणणारी जाहिरात त्याच्या घराची ओळख नसल्याचं सांगते.

मग केंद्र आणि वेळ

मराठवाड्यात आकाशवाणीची केंद्रं छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड आणि धाराशिव इथे आहेत. परभणी केंद्र पिढ्यान्‌पिढ्या मध्यम लहरींवर, १३०५ किलोहर्ट्झवर, ऐकलं गेलं. मध्यम लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, म्हणून डोंगरापलीकडच्या वाडीवस्तीतही पोचतात. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण तो साधारण नजरेच्या टप्प्यात पोचतो, आणि बालाघाटासारख्या डोंगररांगा आड आल्या की तुटतो. आता बरेच जण 'न्यूज ऑन एआयआर' या ॲपवरही आकाशवाणी ऐकतात. केंद्रावाले जो प्रसारणाचा नकाशा दाखवतात तो बघा, आणि मग ज्या गावांतून तुमचं गिऱ्हाईक येतं त्यातल्या दोन-तीन गावांत स्वतः जाऊन रेडिओ लावून बघा. कापशीच्या रानात आवाज येतो की नाही हे नकाशावरून कळत नाही.

खासगी एफएम संभाजीनगर आणि नांदेडमध्ये आहे. तिथला ऐकणारा तरुण, शहरी, गाडीत किंवा दुकानात बसलेला असतो. गाण्यांच्या मध्ये निवेदक स्वतःच्या शब्दांत तुमच्याबद्दल बोलतो तो प्रकार तिथे चांगला चालतो, कारण लोक त्या आवाजाला ओळखतात. पण त्याला फक्त तीन मुद्दे लिहून द्या, बाकीचं त्याला बोलू द्या. पूर्ण मजकूर वाचायला लावलात तर ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्याच लावता येतात. त्यामुळे बातम्या ऐकणारा चाळिशी ओलांडलेला माणूस, शिक्षक, सरपंच, अडत्या हा सकाळच्या प्रादेशिक बातम्यांच्या वेळी आकाशवाणीवरच सापडतो. तुमचं गिऱ्हाईक तो असेल तर बातम्यांच्या आगेमागेच्या वेळेचा दर जास्त असला तरी तीच वेळ घ्या.

नवख्यांच्या लक्षात न येणारा तिसरा मार्ग म्हणजे सामुदायिक रेडिओ. शिक्षणसंस्थांना असं केंद्र चालवण्याची परवानगी २००२ पासून आणि स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांना २००६ पासून आहे. त्यांचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा असतो. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांना तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती घेता येतात. ज्याचं गिऱ्हाईक त्याच परिसरात राहतं, म्हणजे दवाखाना, शिवणक्लास, भाजीचं दुकान, त्याच्यासाठी हे मोठ्या केंद्रापेक्षा उपयोगी. आठ जिल्ह्यांत ऐकू जाणारी जाहिरात तीन वाड्यांच्या दुकानाला काय करायची?

सांगायची गोष्ट एकच

तुमच्या दुकानात शंभर वस्तू असतील. या जाहिरातीत त्यातली एकच बोलेल. कोणती, हे ठरवायला एक साधी कसोटी आहे: जाहिरात ऐकून झाल्यावर माणूस शेजाऱ्याला एका वाक्यात काय सांगेल? ते वाक्य आधी लिहा. 'तिथं बियाण्याची उगवण फुकट तपासून देतात.' 'तिथं पोराला ताप आला तर रात्री पण दवाखान्यात नेतात.' असं वाक्य सापडलं नाही तर जाहिरात पुढे नेऊ नका. सांगण्यासारखं काही दुकानात आधी तयार करा. नुसत्या शब्दांनी ही उणीव भरत नाही.

आणि ती गोष्ट ऐकणाऱ्याच्या काळजीला भिडली पाहिजे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची जूनमधली सगळ्यात मोठी काळजी कोणती? दुबार पेरणी. पाऊस उघडला आणि बी जळालं तर बियाणं, खत, मजुरी सगळं दुसऱ्यांदा. या काळजीवर तुमच्याकडे काय उत्तर आहे, तिथून सुरुवात करा.

आता लिहायला बसा

रेडिओवर वेळ साधारण १० सेकंदांच्या हिशेबाने विकली जाते. शांतपणे, समजेल असं मराठी बोललं तर १० सेकंदांत २० ते २२ शब्द मावतात. २० सेकंदांत चाळीस-पंचेचाळीस, ३० सेकंदांत साठ-पासष्ट. त्यातून पाऊस, गाडी, संगीत यांच्या आवाजाला जागा सोडायची. ही मर्यादा पाळली नाही की कलाकार धावत वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

आधी एक नेहमीची जाहिरात बघा.

'खुशखबर! खुशखबर! खुशखबर! तमाम शेतकरी बांधवांना कळविण्यात आनंद होतो की सर्व नामांकित कंपन्यांची बी-बियाणे, रासायनिक खते, कीटकनाशके, ठिबक व तुषार संच योग्य दरात मिळण्याचे एकमेव विश्वसनीय ठिकाण. एकदा अवश्य भेट द्या.'

यातलं कोणतंही वाक्य शेजारच्या कृषी सेवा केंद्राच्या नावाने वाचलं तरी तेवढंच खरं वाटेल. 'योग्य दरात', 'विश्वसनीय', 'नामांकित' हे शब्द इतके वापरलेत की कान ते गाळूनच ऐकतो. 'तमाम शेतकरी बांधवांना' म्हटलं की कुणालाच आपल्याशी बोलल्यासारखं वाटत नाही, कारण रेडिओ ऐकणारा बहुधा एकटाच असतो किंवा घरच्या दोन-चार माणसांत असतो. सभेतल्या भाषणाचा सूर तिथे बसत नाही.

त्याच दुकानासाठी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लावायची ३० सेकंदांची जाहिरात अशी लिहिता येईल.

(पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब.)
नात: आबा, ह्या ओल्या गोणपाटात काय गुंडाळलंय?
आबा: सोयाबीनचे शंभर दाणे. मोज बरं, किती उगवले.
नात: शहात्तर... सत्त्याहत्तर... अठ्ठ्याहत्तर!
आबा: सत्तरच्या वर हायेत. पेरायला हरकत न्हाई.
निवेदक: बियाणं घरचं असो की विकतचं, पेरण्याआधी शंभर दाणे तपासा. कसं तपासायचं ते आम्ही दाखवू, फुकट. (दुकानाचं नाव), नवा मोंढा, मारुती मंदिरासमोर. (दुकानाचं नाव).

सोयाबीनच्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी हे बियाण्यांचं मान्य प्रमाण आहे, आणि गोणपाटात शंभर दाणे ठेवून ती घरी तपासण्याची पद्धत कृषी विभाग दरवर्षी सांगतो. म्हणजे जाहिरातीतली माहिती खरी आहे आणि ऐकणाऱ्याला त्याच दिवशी स्वतः करून बघता येते. दुकानदार म्हणेल, 'घरचं बियाणं वापरा असं मीच सांगू का?' सांगा. घरचं बियाणं वापरणाराही खत, बीजप्रक्रियेचं (पेरणीआधी बियाण्याला चोळायचं) औषध, तणनाशक घ्यायला कुठेतरी जाणारच. ज्याने त्याला दुबार पेरणीतून वाचवलं त्याच्याकडे तो जाईल. पुढच्या आठवड्यात ह्याच आबांची आणि नातीची दुसरी जाहिरात लावा: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायची घाई नको. मग तिसरी बीजप्रक्रियेची. माणसं तीच, आवाज तेच. लोक त्या आबांना ओळखायला लागतात.

लिहिताना आणखी काही गोष्टी सांभाळा. पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी असं असावं ज्याने हात क्षणभर थांबेल: एखादा प्रश्न, ओळखीचा आवाज. दुकानाचं नाव दोनदा आलंच पाहिजे, शेवटी तर नक्की. मोबाइल नंबर द्यायचाच असेल तर जोड्या करून, सावकाश, दोनदा म्हणा. पण दुकान असलेल्याने नंबर गाळून खूण सांगावी. लातुरात गंजगोलाई, जालन्यात गांधी चमन, नांदेडात वजिराबाद, संभाजीनगरात गुलमंडी म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे रस्ता उभा राहतो. 'दुकान क्रमांक चार, तळमजला, अमुक कॉम्प्लेक्स' याने काहीच उभं राहत नाही.

संवाद लिहायचा तर माणसं घरात बोलतात तसे लिहा. कोणतीही बायको नवऱ्याला 'अहो, तिथे सर्व प्रकारचे फर्निचर आकर्षक सवलतीत उपलब्ध आहे' असं म्हणत नाही. ती म्हणेल, 'आवं, त्या कपाटाचं दार परत निसटलं बगा.' माहिती द्यायचं काम निवेदकाकडे ठेवा. पात्रांनी फक्त अडचण आणि सुटका जगून दाखवायची.

मग मोठ्याने वाचा. घड्याळ लावून वाचा. आणि ज्याला तुमच्या दुकानाबद्दल काही माहीत नाही अशा माणसाला एकदाच ऐकवून विचारा: काय कळलं? तो जे सांगेल तीच तुमची जाहिरात आहे. कागदावरचं बाकी सगळं त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

बोली आणि आवाज

मराठवाड्याची बोली एक नाही. लातूर-नांदेडकडे 'काय करूलालास?' विचारतात. जालना-हिंगोलीकडे विदर्भ जवळ येतो तसं 'काऊन' ऐकू येतं. संभाजीनगर, परभणी, नांदेडच्या बाजारात मराठीत दख्खनी हिंदी सहज मिसळते. दुकानदार आणि गिऱ्हाईक एका वाक्यात दोन्ही बोलतात. आठही जिल्ह्यांत लागणारी जाहिरात असेल तर निवेदक साध्या, सगळ्यांना कळणाऱ्या मराठीत ठेवा आणि पात्रांना बोली द्या. एकाच जिल्ह्यात लागणार असेल तर त्या जिल्ह्याची बोली बिनधास्त वापरा, पण ती बोलणारा माणूस त्याच मातीतला हवा. बाहेरच्या कलाकाराने 'लई', 'हाय' घालून केलेली नक्कल दोन शब्दांत उघडी पडते. तालुक्याच्या गावात नाटक करणारी, कीर्तन-भारुडात सोंग घेणारी, आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदन करणारी माणसं असतात, त्यांना शोधा.

याबद्दल मला फार मनापासून एक सांगायचंय. बोली बोलणारं पात्र म्हणजे विनोदी, अडाणी, फसवलं गेलेलं पात्र, आणि शुद्ध बोलणारा म्हणजे शहाणपण शिकवणारा, ही वाटणी कृपा करून बंद करा. जाहिरात जिला विकायची आहे ती बाई त्याच बोलीत बोलते. तिच्या घरातल्या भाषेला हसून तुम्ही तिच्याकडे पैसे मागताय. वरच्या उदाहरणात शहाणपण आबांकडे आहे, ते मुद्दाम.

संबोधनांचंही तसंच. सासूला आत्याबाई, सासऱ्याला मामा म्हणणाऱ्या घरात 'सासूबाई' म्हणणारी सून ऐकू आली की ती दूरदर्शनवरून आलीय असं वाटतं. गावातल्या वडीलधाऱ्याला अण्णा, तात्या, बापू म्हणतात. कुठे काय म्हणतात ते तिथल्याच माणसाला विचारून घ्या.

ध्वनिमुद्रण

आवाजाचे परिणाम कमी आणि ओळखीचे हवेत. पत्र्यावरचा पाऊस, एसटीचा हॉर्न, बैलांची घुंगरं, विहिरीवरची मोटार सुरू होणं हे दोन सेकंदांत ओळखू येतं. जे ओळखू येत नाही ते पात्राच्या तोंडून येऊ द्या, नाहीतर काढा. वाद्यांना त्यांचे अर्थ असतात: संबळ वाजला की गोंधळ आणि आई भवानी आठवते. नवरात्राच्या जाहिरातीत तो शोभतो, मोबाइलच्या कव्हरसाठी वापरला तर लोकांना खटकतो. हलगी मोकळी आहे. बाजार, शर्यत, मिरवणूक कुठेही चालते.

सिनेमाच्या गाण्याची चाल उचलून त्यावर दुकानाचे शब्द बसवण्याचा मोह अनेकांना होतो. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींवर हक्क असतात. परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. स्थानिक संगीतकाराकडून चार ओळींची स्वतःची चाल करून घ्या. तिचे हक्क लेखी करून घेतले की ती तुमची राहते, आणि वर्षानुवर्षं वापरता येते.

स्टुडिओ परवडत नसेल तर छोटी खोली, खिडक्या बंद, भिंतींना गोधड्या लावून चांगल्या माइकवर मुद्रण करा. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. तयार जाहिरात स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर ऐकून मंजूर करू नका. मोबाइलच्या स्पीकरवर, चालत्या ऑटोत, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीत ऐका. मध्यम लहरींवर बारीक आणि भारी दोन्ही सूर दबतात, तिथे संगीत आवाजाच्या खूप खाली ठेवावं लागतं.

कायद्याच्या चौकटी

औषध, तेल, काढा विकणाऱ्यांनी १९५४ चा जादुई उपचार कायदा समजून घ्यावा. मधुमेह, कर्करोग यांसारखे त्यात नोंदलेले आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करताच येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. क्लासचालकांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वेगळ्या सूचना काढल्या आहेत: निवड झालेल्या विद्यार्थ्याचं नाव त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरायचं नाही, आणि तो नेमक्या कोणत्या कोर्सला होता हे लपवायचं नाही. चाचणी मालिका घेतलेल्या मुलाला 'आमचा विद्यार्थी' म्हणून मिरवणं आता महागात पडेल. प्लॉट-फ्लॅटच्या जाहिरातीत, प्रकल्प नोंदणीच्या कक्षेत येत असेल तर, महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक हवाच. निवडणुकीच्या काळात राजकीय जाहिरातीला माध्यम प्रमाणन समितीची पूर्वमंजुरी लागते. आकाशवाणीची स्वतःचीही आचारसंहिता आहे, मजकूर आधी तपासून घेतला जातो. त्यासाठी हातात दिवस ठेवा.

'अटी लागू' हे घाईघाईत बोलून टाकू नका. अट इतकी मोठी असेल की ती पळत सांगावी लागते, तर ती सवलत या जाहिरातीत घेऊच नका.

पैसे आणि वेळापत्रक

हिशेब सोपा आहे. समजा तुमच्या वेळेचा दर १० सेकंदांना १०० रुपये सांगितला. २० सेकंदांची जाहिरात म्हणजे एका वेळेला २०० रुपये. दिवसाला ८ वेळा, १० दिवस, म्हणजे ८० वेळा: १६,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २,८८०. एकूण १८,८८०. यात लेखन, कलाकार, मुद्रण वेगळं. केंद्रागणिक आणि वेळेगणिक दर बदलतात, म्हणून दरपत्रक लेखी घ्या आणि किती वेळा मोफत जास्तीचं देणार हे विचारा; बहुतेक ठिकाणी बोलणीला जागा असते.

हेच पैसे महिनाभर पातळ पसरवू नका. दिवसाला दोनदा, वेगवेगळ्या वेळी लागलेली जाहिरात एका माणसाच्या कानावर जेमतेम एकदा पडते. त्याऐवजी एकच वेळ पकडा, उदाहरणार्थ सकाळी सात ते नऊ, आणि दहा-बारा दिवस तिथेच लावा. त्याच माणसाने ती चार-पाच वेळा ऐकली की दुकानाचं नाव बसतं. आकाशवाणीवर व्यापारी जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून सुरू झाल्या. त्या काळातल्या जिंगल आज साठी उलटलेल्यांना तोंडपाठ आहेत, कारण त्या वर्षानुवर्षं बदलल्या नाहीत. जाहिरातीचा कंटाळा सगळ्यात आधी मालकालाच येतो, कारण तो ती दिवसभर ऐकतो. गिऱ्हाइकाला ती कुठे नुकतीच ओळखीची व्हायला लागलेली असते.

बिलासोबत प्रसारणाचं प्रमाणपत्र मागा: कोणत्या तारखेला, किती वाजता लागली याची नोंद. पहिले दोन दिवस स्वतः ऐका. चुकीच्या वेळी लागली किंवा एकाच ब्रेकमध्ये दोनदा लागली तर लगेच कळवा, म्हणजे पुढच्या दिवसांत भरपाई करून घेता येते.

फरक पडला का?

जाहिरात सुरू व्हायच्या आधीच्या दोन आठवड्यांची रोजची विक्री आणि नव्या गिऱ्हाइकांची संख्या वहीत लिहून ठेवा. ही पायरी जवळजवळ सगळे चुकवतात आणि मग 'फरक पडला असं वाटतंय' एवढंच हाती राहतं. जाहिरात सुरू झाल्यावर गल्ल्यावरच्या पोराला सांगा, प्रत्येक नव्या माणसाला गाव आणि 'कुठून कळलं' विचार. शक्य असेल तर जाहिरातीतच खूण पेरा: 'आबांची गोणपाट तपासणी विचारा.' जो हे शब्द उच्चारेल तो रेडिओवरून आलेला. दुकान लांब असेल तर फक्त याच जाहिरातीसाठी वेगळा मोबाइल नंबर ठेवा आणि मिस्ड कॉल मोजा. आलेल्या प्रत्येक कॉलला त्याच दिवशी उलट फोन करा.

आकडे वाचताना आभाळाकडेही बघा. पाऊस पडला तर कृषी सेवा केंद्रात गर्दी जाहिरातीशिवायही होते, आणि उघडीप पडली तर उत्तम जाहिरातही ओस जाते. म्हणून गावांची यादी महत्त्वाची: ज्या गावांतून पूर्वी कुणी येत नव्हतं तिथून माणसं यायला लागली, तर ते रेडिओचं काम.

दोन आठवड्यांनी खूण सांगणारं कुणीच आलं नाही तर लगेच मजकूर फाडू नका. आधी केंद्र आणि वेळ बदला, मजकूर तोच ठेवा. तरीही काही हललं नाही तर सांगायची गोष्ट बदला. आवाज, संगीत यांना सगळ्यात शेवटी हात लावा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने काम झालं हे पुढच्या हंगामासाठी वहीत नोंदवता येईल.